आमदारकी आणि जिल्हा परिषद : वर जाणारी वाट आणि परत येणारी वाट

(सभासद शिक्षण : अभ्यासवर्गासाठी पाठ)



२०२३ चा नोव्हेंबर सरत आला होता. गळीत हंगाम नुकताच सुरू झालेला, आणि अवकाळीनं गाठलं. आमच्या गटातल्या एका शिवारात तोड चालू होती. ओढ्यावरची नळकांडी खचली आणि उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या अलीकडंच अडकून पडल्या. टोळी बसून, ट्रॅक्टर बसून, ऊस उभ्या उभ्या वाळतोय. तोडलेला ऊस दिवसागणिक वजन सोडतो आणि उताराही घसरतो, हे आपल्या सभासदाला सांगायची गरज नाही. शेतकऱ्याच्या पोटात गोळा, आणि चिटबॉय त्याची समजूत घालतोय, असा प्रकार.

संध्याकाळी पारावर माणसं जमली. रस्ता कुणाचा, आणि गाऱ्हाणं न्यायचं कुणाकडं? एक जण म्हणाला, आमदाराकडं चला. दुसरा म्हणाला, हा झेडपीचा रस्ता आहे, मेंबरला धरा. तिसऱ्यानं त्याला हसून विचारलं, "मेंबर कुठला? मुदत संपून दीड वर्ष झालं. सगळे माजी आहेत." चौथा, जरा वर्तमानपत्र वाचणारा, म्हणाला की पैसा पालकमंत्र्याच्या सहीनं सुटतो, तेव्हा तिकडंच जावं. गंमत अशी की चौघंही थोडे थोडे बरोबर होते. मी घरी आलो आणि ठरवलं की या वेळच्या पाठाला हाच विषय घ्यायचा : आमदार आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष ही दोन माणसं वेगळी का, एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर कोण जातं, आणि आमदारकी करून जिल्हा चालवायला परत कुणी येतं का?

आधी थोडा मागचा इतिहास पाहू. मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्यापासून जिल्हा लोकल बोर्डं होती. सुरुवातीला तिथं कलेक्टरचाच वरचष्मा होता, पण पुढं निवडून आलेले अध्यक्ष आले आणि साताऱ्या-पुण्याकडच्या माणसाला जिल्ह्याचा कारभार कसा करतात हे कळू लागलं. आपण निजामाच्या राज्यात. इथं तालुकदार सांगेल ती पूर्व दिशा. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो. म्हणजे मताचा अधिकार वापरायला शिकून दहा वर्षं होतात न होतात, तोच आपल्यापुढं जिल्हा परिषद उभी राहिली. लोकल बोर्डाचा अनुभव आपल्या गाठीला फारसा नव्हताच. त्यामुळं आपल्याकडं पहिल्यापासून आमदार म्हणजेच सगळं असं मनात बसलं असेल, तर त्यात नवल नाही.

दिल्लीत १९५७ साली बलवंतराय मेहता समितीनं पंचायत राज्याचा आराखडा दिला. त्या आराखड्यात खरी ताकद तालुक्याच्या पातळीला, म्हणजे पंचायत समितीला होती. जिल्ह्याची परिषद ही देखरेख करणारी, तिचा अध्यक्ष कलेक्टर, आणि आमदार-खासदार तिचे सदस्य. राजस्थानात नागौर इथं २ ऑक्टोबर १९५९ ला पंडित नेहरूंच्या हस्ते या पद्धतीची सुरुवात झाली.

महाराष्ट्रानं मात्र डोकं वेगळं चालवलं. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं १९६० साली महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नाईकसाहेब विदर्भातले, शेती करणारे, १९४६ साली पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झालेले आणि १९५२ साली आमदार. म्हणजे खालची पायरी चढून वर गेलेले. त्यांच्या समितीनं १९६१ च्या मार्चमध्ये अहवाल दिला, त्यात २२६ शिफारशी होत्या. मुख्य म्हणजे तीन. ताकद तालुक्याला न देता जिल्ह्याला द्यावी. कलेक्टरला परिषदेच्या बाहेर ठेवावं आणि कारभाराला वेगळा मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा. आणि तिसरी गोष्ट, जी आजच्या पाठाचा गाभा आहे : आमदार आणि खासदार यांना त्यांच्या पदामुळं परिषदेत आपोआप जागा मिळू नये.

का बरं? आमदार सभेत येऊन बसला की गावाकडचा नवा मेंबर तोंड उघडणार नाही. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडं, कारण तिकीट त्याच्या हातात, मंत्र्याकडं वट त्याची. मग नवीन नेतृत्व वाढायचं कसं? वडाखाली दुसरं झाड धरत नाही, हे आपण बांधावर बघतोच. शिवाय आमदाराचं काम कायदा करायचं आणि सरकारला जाब विचारायचं. तोच जर जिल्ह्यात कामं वाटायला बसला तर जाब कुणी कुणाला विचारायचा? महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम, १९६१ हा या धोरणावर झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती आपल्याशी संबंधित आहे. आमदाराला बाहेर ठेवताना त्याच मूळ कायद्यानं सहकाराला मात्र आत घेतलं होतं. जिल्ह्यातल्या पतपुरवठा, भूविकास, खरेदी-विक्री अशा कामांच्या सहकारी संघीय संस्थांचे अध्यक्ष हे जिल्हा परिषदेचे सहयोगी सदस्य असत. मत नाही, पण बसायचं आणि बोलायचं. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या मनात असं होतं की शेतकऱ्याची संस्था आणि शेतकऱ्याची परिषद यांनी एका सतरंजीवर बसावं. ही गोष्ट आज फार थोड्यांना आठवते.

आता माणसांकडं येऊ. कायदा माणसाशिवाय कळत नाही.

लातूरचं उदाहरण घ्यायचं तर विलासराव देशमुखांचंच घ्यावं लागेल. जन्म २६ मे १९४५, गाव बाभळगाव. पुण्यात शिकले, कायद्याची पदवी घेतली, आणि गावी परत आले. पुण्यात वकिली जमवून बसणारे त्या वेळी कमी नव्हते. हे १९७४ साली बाभळगावच्या ग्रामपंचायतीत गेले आणि सरपंच झाले. १९७४ ते १९८० या काळात ते उस्मानाबाद जिल्हा परिषदेचे सदस्य आणि लातूर तालुका पंचायत समितीचे उपसभापती होते. उस्मानाबाद का, तर लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. आपला लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला. (उस्मानाबादचं नाव २०२३ पासून धाराशिव आहे.) १९८० ला ते लातूरचे आमदार झाले, पुढं मंत्री. १९८५ आणि १९९० ला पुन्हा निवडून आले. मांजरा कारखाना उभा केला तो याच काळात, आणि मांजराकाठच्या उसाला त्यानं काय दिलं हे आपल्या भागातल्या सभासदाला ठाऊक आहे.

पाठासाठी महत्त्वाचं आहे ते १९९५. त्या निवडणुकीत लातूरकरांनी विलासरावांना पाडलं. शिवाजीराव पाटील कव्हेकर निवडून आले. पंधरा वर्षांची आमदारकी गेली. पुढच्या वर्षी विधान परिषदेला उभे राहिले, तिथं तर अर्ध्या मतानं हरले. अर्धं मत कसं असतं असं विचाराल, तर त्या निवडणुकीत पसंतीक्रमानं मतं मोजतात आणि मताचे तुकडे पडतात, त्यातला तो हिशेब. म्हणजे माणूस पन्नाशीचा, राज्याचा कारभार कळलेला, सरपंचकीपासून सगळं केलेला, आणि हातात पद कोणतंच नाही. आपल्या पद्धतीत अशा माणसाला एकच वाट दिसते : पुढच्या विधानसभेची वाट बघायची. त्यांनी ती बघितली. १९९९ ला प्रचंड मतांनी निवडून आले आणि थेट मुख्यमंत्री झाले. जानेवारी २००३ पर्यंत एकदा, आणि नोव्हेंबर २००४ ते डिसेंबर २००८ दुसऱ्यांदा. पुढं दिल्लीत गेल्यावर २०११ च्या पहिल्या सहामाहीत त्यांच्याकडं ग्रामविकास आणि पंचायत राज हीच खाती होती. बाभळगावचा सरपंच सगळ्या देशाच्या पंचायतींचा मंत्री झाला, असं म्हणता येईल. १४ ऑगस्ट २०१२ ला ते गेले.

नांदेडची गोष्ट त्याआधीची. शंकरराव चव्हाण १९५२ ची निवडणूक हरलेले. १९५६ ला नांदेड नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, आणि थोड्याच काळात द्विभाषिक मुंबई राज्यात उपमंत्री. पुढं पाटबंधारे खातं, जायकवाडी, विष्णुपुरी. १९७५ ते १९७७ आणि १९८६ ते १९८८ असे दोनदा मुख्यमंत्री. नंतर देशाचे गृहमंत्री. त्यांच्या पाण्याच्या कामांवर स्वतंत्र पाठ लिहावा लागेल, इथं जागा नाही. मला दाखवायचं आहे ते एवढंच, की मुख्यमंत्रिपद भोगल्यावर हेच शंकरराव १९७८ ला शरद पवारांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री म्हणून बसले. वयानं किती लहान मुख्यमंत्री, तरी त्यांच्या हाताखाली. निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर १९८५-८६ ला मुख्यमंत्री होते, तेही पुढं दुसऱ्याच्या मंत्रिमंडळात महसूलमंत्री झाले. म्हणजे वरून खाली यायला या माणसांना कमीपणा वाटत नव्हता. पण खाली म्हणजे मंत्रालयाच्या मजल्यावरच खाली. जिल्हा परिषदेच्या इमारतीपर्यंत खाली यायची रीतच आपल्याकडं पडली नाही.

उलट दिशेनं, म्हणजे जिल्हा परिषदेतून वर, गर्दी भरपूर. अकलूजचे विजयसिंह मोहिते-पाटील सत्तरच्या दशकात सोलापूर जिल्हा परिषदेचे अध्यक्ष होते, १९८० ला आमदार झाले आणि पुढं उपमुख्यमंत्रिपदापर्यंत गेले. ऊसपट्ट्यातली अशी नावं मोजायला बसलो तर अंक भरून जाईल. जिल्हा परिषद ही शाळा आणि विधानसभा हे कॉलेज, असंच सगळे समजून चालतात. कॉलेजात गेलेला पोरगा पुन्हा शाळेच्या बाकावर बसेल कशाला?

पण जगात सगळीकडं असं नाही, हे समजून घेण्यासारखं आहे.

अमेरिकेत राज्याच्या खाली काउंटी असते, म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा. तिथलं मेरीलँड हे राज्य घेऊ. त्या राज्याच्या विधानसभेत १९९१ पासून २०२३ पर्यंत कुमार बर्वे नावाचे आमदार होते, आडनावावरून कळेलच. अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याच्या विधिमंडळात निवडून गेलेले ते पहिले भारतीय वंशाचे. त्यांचे जोडीदार आमदार जे होते, त्यातले कितीतरी पुढं काउंटीचे प्रमुख झाले. हार्फर्ड काउंटीचे बॅरी ग्लासमन घ्या. घरी मेंढ्या पाळणारा शेतकरी माणूस. आधी काउंटीच्या कौन्सिलात मेंबर, मग राज्याच्या विधानसभेत, मग वरच्या सभागृहात, आणि २०१४ ला आमदारकी सोडून काउंटीचा प्रमुख. आठ वर्षं काउंटी चालवली. तिथं त्याला कुणी म्हणालं नाही की अरे, तू खाली आलास.

दुसरे जॉनी ओल्शेव्स्की, बाल्टिमोर काउंटीचे. हे शिक्षक. २००६ पासून विधानसभेत होते, २०१४ ला वरच्या सभागृहाला उभे राहिले आणि पडले. म्हणजे आपल्या विलासरावांची १९९५ ला जी अवस्था झाली तशीच. पण हे गृहस्थ पुढच्या विधानसभेची वाट बघत बसले नाहीत. २०१८ ला काउंटी प्रमुखपदाला उभे राहिले. तिथं आधी पक्षातल्या पक्षात मतदान होतं, त्यात हे फेरमोजणीनंतर फक्त १७ मतांनी आले. मग मुख्य निवडणूक जिंकले, २०२२ ला पुन्हा जिंकले, आणि तिथून २०२५ च्या जानेवारीत थेट देशाच्या संसदेत गेले. अर्धं मत आणि सतरा मतं. राजकारणात माणसाचं नशीब केवढ्याशा वजनावर झुकतं, आपल्या काट्यावर एवढी तफावत कुणी धरतसुद्धा नाही.

हे असं का होतं? तिथली माणसं फार त्यागी आहेत असा याचा अर्थ नव्हे. त्या खुर्चीत दम आहे म्हणून माणूस तिकडं जातो. मेरीलँडची विधानसभा वर्षाला ९० दिवस भरते, जानेवारी ते एप्रिल. बाकीचे दिवस आमदार आपापल्या धंद्याला मोकळा. काउंटीचा प्रमुख मात्र बारा महिने तिन्ही त्रिकाळ कामाला. त्याला सगळे मतदार थेट निवडून देतात, चार वर्षांसाठी. अर्थसंकल्प तो मांडतो. घरपट्टी, जमीनपट्टी काउंटी स्वतः वसूल करते. शाळांना पैसा, पोलीस, रस्ते, सगळं त्याच्या अंगावर. आणि बाल्टिमोर काउंटीची लोकसंख्या किती, तर साडेआठ लाखांच्या आसपास. आपला लातूर जिल्हा २०११ च्या जनगणनेत साडेचोवीस लाखांचा, नांदेड साडेतेहतीस लाखांचा. लोक आपल्याकडं तिप्पट-चौपट, आणि जिल्ह्याच्या निवडलेल्या माणसाच्या हातात काय आहे ते आता बघा.

जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाला लोक निवडत नाहीत, मेंबर निवडतात. आपले संचालक चेअरमन निवडतात तसं. सरपंचाचं मध्यंतरी बरंच हेलकावलं : २०१७ ला थेट जनतेतून, २०२० ला पुन्हा सदस्यांतून, २०२२ ला परत थेट. अध्यक्षाचं मात्र पहिल्यापासून सदस्यांतूनच. मुदत अडीच वर्षं. पद आरक्षणानं फिरतं. हे आरक्षण योग्यच आहे, त्याशिवाय कित्येक समाजांना आणि बायाबापड्यांना ती खुर्ची पन्नास वर्षांत दिसली नसती. २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत. पण अडीच वर्षं म्हणजे उसाच्या भाषेत लागण आणि एक खोडवा. तेवढ्यात कोणती योजना उभी राहून फळाला येते? पहिलं वर्ष फाइली समजण्यात जातं. कारभाराची सही मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची, तो राज्य सरकारनं पाठवलेला. पैशाचं बघाल तर स्वतःचं उत्पन्न जमीन महसुलावरचा उपकर वगैरे मिळून बेताचंच, बाकी सगळं सरकारकडून येणारं अनुदान, तेही कशावर खर्चायचं हे ठरवून आलेलं. अध्यक्षाला राज्यमंत्र्याचा दर्जा आहे खरा. पण दर्जा गाडीला असतो, तिजोरीला नसतो.

याउलट आमदाराकडं बघा. मुदत पाच वर्षं, मतदारसंघ ठरलेला, आणि १९८० च्या दशकापासून स्वतःचा आमदार निधी, तो २०२२ ला वर्षाला ५ कोटींवर गेला. त्यातून तो सभामंडप बांधतो, गावातला रस्ता करतो, म्हणजे काम जिल्हा परिषदेचं आणि पाटी आमदाराची. नाईक समितीनं त्याला सभागृहाच्या दारातून बाहेर काढला होता, तो निधीच्या खिडकीतून आत आला असं माझं मत आहे. कुणाला पटणार नाही, त्यांनी पुढच्या अंकासाठी जरूर लिहावं.

आणि त्याहून मोठी खिडकी म्हणजे पालकमंत्री. १९९८ च्या कायद्यानं जिल्हा नियोजन समिती झाली. जिल्ह्याच्या वार्षिक योजनेचा पैसा तिथं वाटला जातो. समितीवर बहुतेक सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांतून निवडलेले. पण अध्यक्ष पालकमंत्री, आणि सचिव कलेक्टर. नाईकसाहेबांनी ज्या दोघांना बाहेर बसवलं, तेच दोघं वेगळ्या बैठकीत टेबलाच्या मधोमध. उदाहरणार्थ २०१९ ते २०२२ मध्ये लातूरचे पालकमंत्री अमित देशमुख होते आणि नांदेडचे अशोक चव्हाण. दोघंही त्या त्या जिल्ह्यातले आमदार, एक माजी मुख्यमंत्र्यांचे चिरंजीव, दुसरे स्वतःही मुख्यमंत्री राहिलेले. त्यांनी काम बरं केलं की वाईट, हा इथला प्रश्न नाही. दाखवायचं ते असं, की मेरीलँडचा आमदार जिल्हा चालवायचा झाला तर आमदारकी सोडून लोकांपुढं नव्यानं मत मागतो. आपला आमदार मंत्री झाला की मुख्यमंत्र्याच्या एका आदेशानं जिल्ह्याचा धनी होतो, आणि आमदारकीही शाबूत. कित्येकदा तर पालकमंत्री दुसऱ्याच जिल्ह्याचा असतो, झेंडावंदनाला येतो आणि जातो. त्याला जिल्ह्यातल्या एकाही मतदारानं निवडलेलं नसतं.

म्हणून परत येणारी वाट आपल्याकडं मोडली ती लोकांच्या मानापमानामुळं नव्हे. ज्या खुर्चीत पैसा नाही, मुदत नाही आणि सही नाही, तिथं राज्य बघितलेला माणूस येऊन बसत नाही, हे सरळ आहे. आणि जाणती माणसं येत नाहीत म्हणून त्या खुर्चीसाठी मंत्रालयात कुणी भांडतही नाही.

आता वर जाणाऱ्या वाटेचंही ऐका, तीही फार धड राहिलेली नाही. जिल्हा परिषदेच्या निवडणुका १९६२, १९६७, १९७२ ला झाल्या. नंतरची पाच वर्षांनी व्हायची ती १९७९ ला झाली. आणि त्यानंतरची? १९९२ ला. तेरा वर्षं! लातूर जिल्हा १९८२ ला जन्मला, पण त्याच्या जिल्हा परिषदेला स्वतःची सार्वत्रिक निवडणूक बघायला दहा वर्षं लागली. विलासरावांनी ज्या पायऱ्या १९७४ ते १९८० मध्ये चढल्या, त्या त्यांच्यामागून येणाऱ्या पोरांना तेरा वर्षं मिळाल्याच नाहीत. त्या काळात पुढारी व्हायचं तर एक तर घराण्यात जन्मावं लागे, नाही तर एखाद्या आमदाराची गाडी हाकावी लागे. कारखाने, बँका, दूध संघ यांच्या निवडणुका होत होत्या म्हणून थोडी माणसं इकडून तयार झाली.

मग १९९३ च्या २४ एप्रिलपासून ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली. दर पाच वर्षांनी निवडणूक घेतलीच पाहिजे असं घटनेत लिहिलं गेलं. आपल्याला वाटलं, आता मिटलं. तसं काही वर्षं चाललंही. पण मार्च २०२२ ला लातूर आणि नांदेडसकट राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचा आणि गटरचनेचा वाद कोर्टात अडकला, आणि वर्षामागून वर्ष प्रशासकाच्या हाती गेलं. लातूरची जिल्हा परिषद २०१७ ला ५८ जणांची निवडून आली होती, नांदेडची ६३ जणांची. म्हणजे दोन जिल्ह्यांत मिळून एकशे एकवीस माणसं, ज्यांच्या दारात आपण रात्री नऊला जाऊन "मेंबर, आमची नळकांडी" म्हणू शकत होतो, ती एका दिवसात माजी झाली. प्रशासक म्हणजे तेच मुख्य कार्यकारी अधिकारी. काम करणारे अधिकारी चांगलेही असतात. पण त्यांच्या दारात रात्री नऊला जाता येत नाही.

याचा एक धागा विधिमंडळापर्यंत जातो, तोही ध्यानात असू द्या. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, तिथं जिल्हा परिषदेचे आणि नगरपालिकांचे सदस्य मतदान करतात. नांदेडची जागा स्वतंत्र, लातूरची धाराशिव-बीडबरोबर. दिलीपराव देशमुख आमदार म्हणून गेले ते याच वाटेनं. मेंबरच नसतील तर हे मतदारच नाहीत.

आता पारावरच्या प्रश्नाचं उत्तर. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम खातं, तिथं आमदाराला धरून उपयोग. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग. बांधावरून जाणारी पाणंद कुणी अडवली असेल तर तहसीलदार. शंभर हेक्टरपर्यंतचा पाझर तलाव, छोटा बंधारा हे जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाचं. रस्त्याला क्रमांक असतो, तो ग्रामपंचायतीच्या दप्तरात किंवा बांधकाम उपविभागात मिळतो. अर्जात तो क्रमांक घालावा, नाही तर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आणि हंगाम संपतो. आमच्या गटानं पहिला अर्ज चुकीच्या कार्यालयात दिला होता, हेही कबूल करतो. तिथल्या बाबूनं पंधरा दिवसांनी सांगितलं की हा रस्ता आमचा नव्हे.

अडकलेल्या ट्रॉल्या दुसऱ्या ट्रॅक्टरनं, दगड-मुरूम टाकून, आपल्याच पोरांनी चौथ्या दिवशी ओढून काढल्या. नळकांडी पुढच्या उन्हाळ्यात झाली. पैसा जिल्हा नियोजनातून आला, अंदाजपत्रक जिल्हा परिषदेच्या इंजिनिअरनं केलं, आणि नारळ फोडायला आमदारसाहेब आले होते. माजी मेंबर गर्दीत उभे होते. त्यांना पुढं बोलावून हार घातला तो आमच्या गटाच्या सभासदांनी.